शंभर वॅटचा कान

गेल्या महिन्यात शहरातल्या एका सभागृहात 'सोलापूरला कम्युनिटी रेडिओ हवा का?' या विषयावर दोन तास चर्चा झाली आणि माझ्या मते दोन्ही बाजू हरल्या. विरोधातल्या एका तरुणाने उभं राहून विचारलं, "इथं रोज रेडिओ ऐकणाऱ्यांनी हात वर करा." चाळीसेक माणसांत दोन हात वर गेले, त्यातला एक पंखा लावा म्हणून सांगत होता. मग बाजूने बोलणारे उठले. 'आपली आवड', पहाटेची भक्तिगीतं, वडिलांनी बोनसमधून घेतलेला मर्फी, त्यावर आईने विणून घातलेला रुमाल. दोन-तीन डोळे पुसले गेले, टाळ्या पडल्या, चहा आला. त्या रेडिओवर बोलणार कोण, कुठल्या भाषेत बोलणार, आणि त्याला उत्तर देणं कोणाला भाग पडणार, हे कोणी विचारलं नाही. एकाने श्रोते मोजले, दुसऱ्याने आठवणी मोजल्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आमच्या पूर्व भागासाठी, म्हणजे सोलापुरातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या तेलुगू बोलणाऱ्या वस्तीसाठी, एक छोटं रेडिओ केंद्र असावं. पण त्याची किंमत ते किती जण ऐकतात यावर करू नये. एरवी ज्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंतही जात नाही, अशी किती माणसं त्यावर बोलली आणि त्यांना उत्तर मिळालं का, एवढंच पाहावं. हे जमणार नसेल तर मनोरा उभारूच नये. लोखंडाचे पैसे तरी वाचतील.

आधी ही चीज काय आहे ते बघू, कारण सभागृहात निम्म्या लोकांना ती खासगी एफएमची धाकटी बहीण वाटत होती. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने एका क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या पीठावर न्या. पी. बी. सावंत होते, आपल्याच मातीतले. 2002 साली शिक्षणसंस्थांना आणि 2006 साली स्वयंसेवी संस्थांना छोटी केंद्रं चालवायची मुभा मिळाली. ताकद साधारण शंभर वॅट, मनोरा तीस मीटरपर्यंत, टप्पा दहा किलोमीटरच्या आसपास. निम्मे कार्यक्रम तिथेच तयार झालेले हवेत, आणि तेही शक्यतो तिथल्या भाषेत, तिथल्या बोलीत. देशात अशी पाचशेच्या घरात केंद्रं आहेत. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख वस्तीचं हे शहर त्या दहा किलोमीटरांत बऱ्यापैकी मावतं, कुंभारीचं विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांची वसाहतसुद्धा. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी तेवढा बाहेर राहतो, पण त्याची तक्रार येण्याची शक्यता कमी.

आता 'ऐकतो कोण?' हा प्रश्न. तो खोटा नाही. घरात रेडिओ संच उरलेले नाहीत. अनेक नव्या फोनमध्ये एफएम गायब आहे किंवा बंद करून ठेवलेलं आहे. 2023 साली केंद्र सरकारला मोबाईल कंपन्यांना ते चालू ठेवा म्हणून सांगावं लागलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे रेडिओ काय ऐकू येणार? हे सगळं मान्य. पण माझ्या घरासमोरचा ओटा मी रोज बघतो. दुपारी अडीचला तिथे चार बाया सुपं मांडीवर घेऊन बसतात. भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले. मधोमध एक मोबाईल भिंतीला टेकवलेला असतो, त्यावर तेलुगू मालिका चालू. एकदा मी विचारलं, "अक्का, नायिका कोण ओ यातली?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "कुणाला ठाव सर. बगायला वेळ कुठाय, ऐकतो नुसतं." म्हणजे त्या बघण्यासाठी बनवलेली गोष्ट ऐकतात, कारण ऐकण्यासाठी बनवलेली गोष्ट त्यांच्या भाषेत, त्यांच्याबद्दल, दुपारी अडीचला कोणी लावत नाही. श्रोता मेला म्हणणाऱ्यांनी एकदा या ओट्यावर येऊन बसावं.

केरळातल्या कन्नूरकडच्या विडी कामगारांना हे पूर्वीच उमगलं होतं. तिथे कारखान्यात एक जण विड्या न वळता वर्तमानपत्र आणि पुस्तकं मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे आपल्या वाट्यातून त्याची मजुरी भरून काढायचे. क्यूबात तर 1865 पासून सिगार कारखान्यांत असे वाचक होते, कामगारांच्या पैशावर नेमलेले, आणि वर्षभरातच तिथल्या सत्तेने त्यावर बंदी आणली होती. हात गुंतलेल्या माणसाचा कान मोकळा असतो, हे राज्यकर्त्यांना आपल्या चर्चासत्रवाल्यांपेक्षा लवकर कळलं म्हणायचं. आपल्या बाया मात्र कारखान्यात बसत नाहीत. पानं घरी आणतात, विड्या वळून जमा करतात. एका छताखाली वाचक नेमायची सोय नाही. मग ते छप्पर दहा किलोमीटरचं करायला काय हरकत आहे?

यावर नेहमीचं उत्तर येतं: व्हॉट्सअ‍ॅप आहे की, यूट्यूब आहे की, सगळं फुकट आणि जगभर. हा विरोधकांचा सगळ्यात सोपा मुद्दा आणि सगळ्यात कच्चा. माझ्या फोनमध्ये अकरा ग्रुप आहेत. निवृत्त शिक्षकांचा, भावकीचा, गल्लीतल्या मंडळाचा, सकाळी फिरणाऱ्यांचा. एकातही समोरच्या ओट्यावरची अक्का नाही. तिच्या फोनमध्येही तिच्या माणसांचे ग्रुप असतील, त्यात मी नाही. दोन घरांमध्ये पंधरा फुटांचा रस्ता, आणि आमच्या बातम्या दोन वेगवेगळ्या गावांच्या. शिवाय फॉरवर्डला धनी नसतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं. त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. ती अफवा कोणी सुरू केली? उत्तर नाही, कारण तिला आवाज नव्हता, पत्ता नव्हता, फक्त बोटं होती.

आता माझ्याच अंगावर येईल असा मुद्दा मीच मांडतो, कारण त्या दिवशी सभागृहात तो कोणी मांडला नाही. 1994 साली रवांडात रेडिओने माणसं मारली. एका केंद्रावरून दिवसेंदिवस शेजाऱ्यांना झुरळं म्हटलं गेलं, नावं आणि ठिकाणं सांगितली गेली, आणि लोक कोयते घेऊन निघाले. आवाजात विश्वास असतो आणि विश्वासाचा दुरुपयोग फॉरवर्डपेक्षा भयंकर होऊ शकतो. सोलापूरसारख्या, सणाच्या मिरवणुकीला पोलिसांचा ताफा लागणाऱ्या शहरात हे हसण्यावारी नेता येणार नाही. पण रवांडातलं ते केंद्र कोणाच्या जिवावर चालत होतं? सत्तेतल्या माणसांच्या. निवेदक ज्यांना मारा म्हणत होते त्यांच्याच रांगेत त्यांना संध्याकाळी उभं राहायचं नव्हतं. दहा किलोमीटरच्या केंद्रावरच्या पोरीला कार्यक्रम संपल्यावर त्याच मंडईत मेथीची जुडी घ्यायला जायचं असतं. ही काही शंभर टक्के हमी नव्हे. पण एवढी लगाम तरी आज दुसऱ्या कुठल्या माध्यमाला आहे?

भाषेचा मुद्दा सभेत दोन वाक्यांत उरकला गेला, खरं तर सगळी रात्र त्यावर जायला हवी होती. सोलापूर चार भाषांत जगतं: मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू, आणि उर्दू म्हणजे बऱ्याचदा दखनी. आणि मराठी तरी कुठली? "काय करलालास बे?" हे वाक्य पुण्याच्या कुठल्या स्टुडिओत चुकूनही ऐकू येणार नाही, आलंच तर विनोदी पात्राच्या तोंडी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळं खोदलं ते माणसं जमवून, आणि वचनं रचली ती कन्नडात, लोकांच्या तोंडच्या भाषेत. आज गड्ड्याच्या यात्रेत त्यांचे नंदीध्वज मिरवतात आणि बघणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांच्या एका वचनाचाही अर्थ सांगता येत नाही. शाहीर राम जोशी इथलेच. त्यांची लावणीही फडावर ऐकायची गोष्ट होती, आता अभ्यासक्रमात वाचायची झाली. कलेच्या कार्यक्रमांबद्दल मी याहून जास्त बोलत नाही, ते कोणालाही सुचतात. एक सूचना मात्र करतो: उद्घाटनाला मुंबईचा गायक आणू नका.

भाषा कशी जिवावर बेतते ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका बाईंना घेऊन मी दवाखान्यात गेलो होतो. तरुण डॉक्टर होते, चांगले होते, मराठीत विचारत होते. बाई तेलुगूत सांगत होत्या आणि तेरा वर्षांची मुलगी मध्ये बसून उलथापालथ करत होती. पाठ दुखते, खोकला आहे, इथपर्यंत गाडी आली. डॉक्टरांनी पुढचं विचारलं आणि मुलगी थांबली. आईने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, काही नाही. बाहेर आल्यावर माझ्या बायकोला कळलं की दोन महिन्यांपासून अंगावर जात होतं. पोरीच्या तोंडून ते डॉक्टरला कसं सांगायचं? अशा बाईसाठी 'आरोग्यविषयक जनजागृती' म्हणजे काय? पोस्टर? ते मराठीत, शुद्ध मराठीत, 'अनियमित रक्तस्राव' वगैरे. तिच्यासाठी काम करेल ती गोष्ट म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई, दुपारी अडीचला, नाव न सांगता विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना. उन्हाळ्याचंही तसंच. पारा 43-44 वर जातो, पत्र्याच्या खोल्या तापतात, आणि सूचना येते: दुपारी 12 ते 4 घराबाहेर पडू नका. घरातच भट्टी असेल तर काय करायचं, हे त्या सूचनेत नसतं. ते त्याच पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला विचारावं लागतं, ती ओलं पोतं कुठे टाकते, पोरांना कुठल्या झाडाखाली नेते.

निसर्गाचंही मूळ कानातच आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, 1932 साली इथे जन्मले आणि 2025 च्या जूनमध्ये इथेच गेले. रानातली चाकरी संपवून त्यांनी मराठीला काकागार (कावळ्यांची वसाहत), सारंगागार (बगळ्यांची वसाहत) यांसारखे शब्द दिले, आणि त्याहून मोठं काम म्हणजे गोंड, माडिया, कोळी, फासेपारधी यांच्या तोंडची पक्ष्यांची आणि झाडांची नावं गोळा केली. ती नावं छापलेली नव्हती. कोणीतरी बोललं आणि त्यांनी ऐकलं म्हणून उरली. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. आता माळढोक दिसलाच तर बातमी होते. पण त्या माळावर मेंढरं चारलेल्या म्हाताऱ्या धनगराला धाविक, चंडोल, लांडगा यांच्याबद्दल जे ठाऊक आहे ते कुठल्या अहवालात आहे? त्याच्यापुढे रेकॉर्डर धरायला मनोऱ्याचा टप्पा आड येत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो: अशी केंद्रं बहुतेकदा सरकारी योजनांची भोंगागाडी होतात किंवा निधी संपला की बंद पडतात. खरं आहे. मी अशी काही केंद्रं ऐकली आहेत. 'पात्र लाभार्थ्यांनी आवश्यक कागदपत्रांसह' असं म्हणणारा आवाज, मग गाणं, मग पुन्हा लाभार्थी. 2024 साली जाहिरातींची मर्यादा तासाला 7 वरून 12 मिनिटं झाली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये. चांगलंच झालं, पण ज्याच्या जाहिरातीवर वीज बिल भरायचं त्याच्या विरोधात बोलताना घसा बसतो, हे कोणाला सांगायला हवं? सोलापूरकरांना तर भोंगा नवा नाही. गिरण्या होत्या तेव्हा भोंग्यावर हे शहर उठायचं, जेवायचं, पाळीला जायचं. भोंगा सगळ्यांना सांगायचा. भोंग्याला मात्र कोणी काही सांगू शकत नव्हतं.

मग वेगळं काय करायचं? 1956 साली पुणे आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मराठी बोलणाऱ्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा शेतीवरचा कार्यक्रम लागायचा, वीसेक गावकरी मंडळ करून एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर भांडायचे आणि प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे. पुढच्या भागात उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली तेव्हा नुसता रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावंही पाहिली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भराभर वाढली होती; नुसत्या रेडिओच्या गावांत जेमतेम. माझ्या लेखी या वादाचा निकाल तिथेच लागला आहे, आणि सभागृहातल्या कोणालाही तो माहीत नव्हता. रेडिओने काम केलं नाही; रेडिओभोवती बसलेल्या आणि उलट विचारणाऱ्या माणसांनी केलं.

आपल्या हैदराबाद रस्त्यावरच जहीराबाद लागतं. तिथून जवळच्या माचनूरमध्ये दलित शेतकरी बायांचा 'संगम रेडिओ' आहे. 2008 साली परवाना मिळाला, स्वयंसेवी संस्थेला मिळालेल्या परवान्यावर सुरू झालेलं देशातलं पहिलं केंद्र. त्याच्या आधी दहा वर्षं परवाना नव्हता. या बाया तेव्हाही रेकॉर्डिंग करत होत्या आणि कॅसेट गावोगावच्या बैठकींत वाजवत होत्या. बाजरी-ज्वारीचं बियाणं, सण, गाणी, सगळं त्यांच्या तेलुगूत, शहरी वाहिन्यांवरच्या तेलुगूत नव्हे. म्हणजे मनोरा आला तेव्हा माणसं तयार होती. आपल्याकडे शेजारच्या म्हसवडलाही 2008 सालीच माणदेशी बायांचा रेडिओ सुरू झाला. दोन्हीकडे आधी बायांचं संघटन होतं, मग रेडिओ. आपण नेहमी उलटं करतो, आधी इमारत, मग कोनशिला, मग माणसं शोधतो.

शेवटी बातम्यांच्या बंदीचं. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच लावायच्या, जशाच्या तशा किंवा फार तर स्थानिक भाषेत नेमका अनुवाद करून. लहरी जनतेच्या म्हणायच्या आणि शंभर वॅटच्या मनोऱ्याचं तोंड बांधायचं, तर चोवीस तास किंचाळणाऱ्या वाहिन्यांना मोकळं रान, हा नियम मला कधीच पटलेला नाही. तरी त्यात एक फट आहे. वीज, पाणीपुरवठा, हवामान, आरोग्याचे इशारे यांची स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती बातमी धरली जात नाही. आणि सोलापुरात पाण्याहून मोठी बातमी कुठली? चार-पाच दिवसांनी येणारं पाणी. उजनीची लाईन फुटली, टाकळीच्या पंपांची वीज गेली, की पाण्याचा दिवस पुढे. रात्री दोनला येणार की पहाटे पाचला, यावर बायांची झोप, विड्यांचा हजार, पोरांची शाळा, सगळं ठरतं. समजा, केंद्राने सांगितलं, प्रशासनाच्या माहितीनुसार अमुक भागात रात्री दोनला पाणी. ही झाली माहिती, चालेल. सकाळी अक्कांनी फोन करून सांगितलं की नळाला थेंब नाही, आणि ते तसंच लावलं. ही माहिती की बातमी? दिल्लीतल्या कोणत्या बाबूने याचं उत्तर दिलं आहे? माझ्या मते याच प्रश्नासाठी हे केंद्र व्हायला हवं. त्या फोननंतर पाणीपुरवठ्याच्या माणसाला दुपारी अडीचला येऊन बोलावं लागेल, तेही दुभाषा घेऊन.

पैसे कुठून आणायचे, हे मला विचारलं गेलं. गल्लीतलं मंडळ दरवर्षी वर्गणी काढतं, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतं, आणि दहा दिवसांत स्पीकरची भिंत उभी करतं. त्या भिंतीतला एक स्पीकर मला द्या. परवान्याचा अर्ज वर्षभर फिरेल, फिरू दे. तोवर एक रेकॉर्डर, एक पेनड्राइव्ह, विड्या जमा करायच्या रांगेत आणि ओट्यावर वाजवायला तो स्पीकर, आणि प्रश्न लिहून घ्यायला तेलुगू येणारी दोन पोरं. सहा महिन्यांत लोक उलट बोलायला लागले नाहीत तर मी स्वतः त्या तरुणाच्या बाजूने हात वर करीन.

आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस परवा आहे. पहिलं रेकॉर्डिंग तेव्हाच करता येईल. त्या रात्री सगळे जागेच असतात.